शून्य सेकंद

आमच्या घरात माणसं चार आणि फोन पाच. कुठला फोन कुठं लागतो हे माझ्या मुलाला, मल्लेशला, विचाराल तर तो कंपनीनं सांगितलेलं सांगेल. मी आमच्या गावात चालून पाहिलेलं आहे. एक पाय आखूड असलेला माणूस हळू चालतो, म्हणून त्याला जागा नीट कळतात.

सास्तूरच्या अलीकडं, रस्ता सोडून आत, आमची दोन गावं आहेत. एक ओढ्याकाठी. तिथं आता बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत. दुसरं तीन किलोमीटरवर माळाला, भूकंपानंतर बांधून दिलेलं. पहिल्याला आम्ही जुनं गाव म्हणतो आणि दुसऱ्याला बत्तीस वर्षं झाली तरी नवं गावच म्हणतो. मी नव्या गावात राहतो. माझी थोरली बहीण उमाबाई जुन्या गावाच्या कडेला, स्वतःच्या रानात, पत्र्याच्या घरात एकटी राहायची. सोबतीला दोन म्हशी आणि एक विहीर. तिलाही नव्या गावात सिमेंटचं घर मिळालं होतं. दारात उभी राहून तिनं आत एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ह्या पेटीत मला आत्ताच घालू नका. घालायच्या टायमाला घाला."

मी तिला अक्का म्हणतो, ती मला तम्मा म्हणते. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात आणि आमच्या घरात दोन्ही भाषा पहिल्यापासून नांदतात. कागदावर माझं नाव धोंडप्पा आहे. हे नाव मी बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत वाचलेलं नव्हतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये याद्या लागल्या, त्यात मी मेलेल्यांत होतो. मला वाचता येत नव्हतं, म्हणून चार महिने मी यादीसमोरून रोज पाणी आणायला जायचो आणि मेलेलाच राहायचो. मग शेडमध्ये एक मास्तर प्रौढांना शिकवायला यायचे, त्यांच्याकडं जाऊन बसलो. पहिलं स्वतःचं नाव शिकलो आणि ते यादीतून काढायला लावलं.

भूकंपाच्या पहाटे मी माझ्या घराच्या भिंतीखाली होतो. बायको मल्लेशला घेऊन माहेरी गेली होती. आमचं घर आणि अक्काचं घर एका भिंतीला लागून; नवरा गेल्यावर ती पोरीला घेऊन माहेरी येऊन राहिली होती. ती गोठ्यात निजली होती म्हणून वाचली. उजाडल्यावर ती ढिगाऱ्यावर फिरत हाका मारत होती. मला आवाज देता येईना, तोंडात माती होती. हाताशी तांब्या होता. तो मी दगडावर आपटला. एक ठोका. वरून अक्कानं दगडानं ठोकलं. एक. मग परत माझा एक. दुपारपर्यंत तिनं हातांनी दगड काढले आणि मला ओढून बाहेर घेतलं. तिची पोर दैवशाला गेली. सतरा वर्षांची होती. अक्का सांगायची, "तिच्या डोक्यावरच माळवद आलं. तिला कळलंबी न्हाय."

टॉवर आला दोन हजार सहाला, जुन्या गावाच्या वरच्या अंगाला, बंडप्पाच्या शेतात. मल्लेशनं अक्काला बटणांचा फोन आणून दिला. तिला दिसायचं कमी, म्हणून दोनच्या बटणावर बाभळीच्या डिंकाचा एक थेंब लावला. डिंकावर अंगठा दाबून धरला की मला फोन लागायचा. सकाळी धारा काढून झाल्या की अक्का मला एक रिंग द्यायची आणि मी तिला एक रिंग परत. एक म्हणजे आहे. दोन म्हणजे सवडीनं ये. तीन म्हणजे असशील तसा ये. एकोणीस वर्षांत तीन रिंगा दोनदाच आल्या, एकदा म्हैस अडली तेव्हा आणि एकदा गव्हाणीत नाग निघाला तेव्हा.

फोन उचलायचा नाही, हा नियम. मी एकदा चुकून उचलला तर ती दचकून ओरडली होती, "उचललास कशाला? काय झालं तुला?"

त्या बाजूच्या सगळ्या वस्त्यांवर हेच. दूध असलं की टेम्पोवाल्या शंभुलिंगला एक रिंग, म्हणजे तो गाडी आत वळवायचा. शेतातली लाईट आली की वरच्या वस्तीवरून खालच्या वस्तीला एक रिंग, म्हणजे मोटार चालू कर. बोलायचं असेल तर माणसं बांधावर भेटायची.

तो टूजी होता, हे मला पुढं कळलं. त्यातला आवाज खुडूक कोंबडीसारखा यायचा. पण यायचा. गोठ्यात यायचा, विहिरीत उतरलं तरी यायचा. मग थ्रीजी आला. त्याच्यासाठी मल्लेशनं नवा फोन घेतला, आणि फोनची काच फुटायच्या आत कंपनीनं थ्रीजी बंद केला. मग नव्या गावात मोठा टॉवर झाला, फोरजी आला. भूकंपात पडू नयेत म्हणून आमची नवी घरं सिमेंटची, सळईची केलेली आहेत. ती पडणार नाहीत. पण त्यांच्यात रेंजही शिरत नाही. माझी सून शिवरंजनी माहेरी बोलायला परवा परवापर्यंत खिडकीच्या गजाला फोन बांधून खालून ओरडायची. अख्ख्या गल्लीला तिच्या आईच्या गुडघ्यांचं माहीत आहे.

फाईव्हजी आला त्या दिवशी मल्लेश अंगणात उभा राहून म्हणाला, "अप्पा, बघा बघा! तीनशेवर गेला!"

"तीनशे काय?"

"स्पीड हो."

"अक्काची रिंग आली का त्यात?"

"तुमचं आपलं एकच." त्यानं फोन खिशात घातला. अक्काची रिंग त्याच्या फोनवर कधी वाजलीच नाही. तासाभरानं मेसेज यायचा की तुम्हाला या नंबरवरून फोन आला होता. आहे, हे तासाभरानं कळून काय उपयोग? म्हणून मी माझा बटणांचा फोन सोडला नाही.

यंदा मार्चमध्ये त्याच फोनवर मेसेज आला. घरातले बाकीचे मेसेज न वाचता पुसतात. मला अक्षर उशिरा मिळालं, मी पुसत नाही, वाचतो. 'प्रिय ग्राहक, आपल्या भागातील जुनी टूजी सेवा तीस एप्रिलपासून बंद होत आहे. आजच नवा फोन घ्या.' मी दोनदा वाचला आणि मल्लेशला दाखवला.

"होणारच होतं," तो म्हणाला. "आत्याला साधा फोरजी फोन देऊ."

"तिथं फोरजी येतो का?"

"येत असंल की."

"तू गेलायस कधी तिकडं फोन घेऊन?"

मी दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन घेऊन चालत गेलो. अक्काच्या दारात रेंजचा एक दांडा नाही, गोठ्यात नाही, विहिरीवर नाही. फक्त आमच्या जुन्या घराच्या ढिगाऱ्यावर चढलं की एक दांडा यायचा आणि जायचा. अक्का खालून बघत होती.

"काय हुडकतोस रं वर?"

"रेंज."

"सापडली तर खाली टाक."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गावात एक गाडी आली. काचेवर कागद चिकटवलेला, आत एका चौकटीत पाच फोन ओळीनं बसवलेले, मांडीवर लॅपटॉप. अमरसिंह नावाचा तिशीच्या आतला पोरगा धाराशिवहून आला होता. टूजी, फोरजी, फाईव्हजी, कुणाची सेवा कुठं कशी आहे याची तुलना करायचं काम त्याच्या कंपनीला मिळालं होतं. गाडी फिरत राहायची, फोन आपोआप लागत राहायचे, आणि लॅपटॉपच्या नकाशावर ठिपके पडायचे. चांगलं असेल तिथं हिरवा, वाईट तिथं लाल. तो पारावर चहाला थांबला तेव्हा मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

"साहेब, तुमची गाडी डांबरी रस्त्यानंच जाती का?"

"रूट ठरलेला असतो, आजोबा."

"डांबरीवर माणसं राहत न्हाईत."

तो हसला. पोरगा वाईट नव्हता. चहा संपल्यावर त्यानं पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, "बसा. दाखवा कुठं जायचं."

जुन्या गावाकडं जाताना मी लॅपटॉपवरच बघत होतो. ओढा ओलांडला आणि फाईव्हजी गेला. बाभळींपाशी फोरजीचे ठिपके लाल झाले. टूजी मात्र हिरवाच. अक्काच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा चार दांडे भरलेले होते. अक्का गाडीत डोकावली.

"इतके फोन? बायका पाच हैत व्हय रं लेकरा?"

"एकपण नाही, आजी."

"मग कुणाला सांगतूस येवढं?"

अमरसिंहानं विहिरीजवळ मोजलं, गोठ्यात मोजलं. मला सांगायची गरज पडली नाही. "इथं टूजी गेला तर काहीच उरत नाही," तो स्वतःच म्हणाला. मला बरं वाटलं. बत्तीस वर्षांपूर्वी मेलेल्यांच्या यादीतून नाव काढलं त्या दिवशी वाटलं होतं, तसं. मग त्यानं लॅपटॉपवर दुसरा एक तक्ता उघडला आणि त्याचा चेहरा बदलला.

"आजोबा, हा टॉवर बंद करायच्या यादीत का आला ते आता कळलं. याच्यावर कुणी बोलतच नाही. अख्ख्या दिवसाला अकरा मिनिटं."

"आम्ही तर रोज वापरतो. एकोणीस वर्षं."

"कसं वापरता?"

मी सांगितलं. एक रिंग, दोन रिंगा, तीन रिंगा. शंभुलिंगचं दूध, वस्त्यांवरची लाईट. अक्कानं डिंकाचा थेंब दाखवला, अंगठा दाबून धरला, माझ्या खिशात एकदा वाजलं. अमरसिंह ते बघत राहिला.

"तो मिस्ड कॉल झाला, आजी. उचलला नाही तर तो कॉल धरत नाहीत. शून्य सेकंद."

"शून्य कसा? वाजला की."

"वाजला. पण कुणी बोललं नाही ना. टॉवरच्या हिशेबात तुम्ही काही केलंच नाही."

अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "काय म्हणतंय हे? एकोणीस वर्सं म्या काय केलंच न्हाय?"

कुणी आमच्यावर अन्याय केला म्हणावं तर तसंही नव्हतं. आम्हीच आमच्या हातानं त्या टॉवरला रिकामा दाखवलं होतं. रोज, सगळ्या वस्त्यांनी मिळून.

निघताना अमरसिंह म्हणाला, "मी अहवालात ह्या जागेला लाल टाकतो. आणि एक सांगू? अजून तीन आठवडे आहेत. उचला. बोला. वापर वाढला तर वरचे विचार करतील कदाचित."

मी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्त्यांवर फिरलो. लोक हसले. "काका, बोलायचं काय?" काहींनी दोन दिवस केलं आणि सोडलं. शंभुलिंग म्हणाला, "मी पन्नास जणांचे फोन उचलत बसलो तर दूध नासून जाईल." राहिलो मी आणि अक्का.

पहिल्या सकाळी तिनं रिंग दिली, मी उचलला.

"हॅलो, अक्का."

"हां."

"उठलीस?"

"उठल्याबगर रिंग दिली व्हय?"

तिच्याकडची म्हैस ओरडली ती मला ऐकू आली. माझ्याकडं शिवरंजनी भांडी घासत होती ते तिनं ऐकलं असेल. मी म्हणालो, "ठेवू नको, मिनिटं व्हायला पाहिजेत." ती म्हणाली, "मग तूच बोल. तुला वाचायला येतंय, कायतरी वाचून दाखीव." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं वाचून दाखवलं. तिथी, नक्षत्र, खाली सिमेंटवाल्याची जाहिरात. सात मिनिटं झाली.

असे दहा-बारा दिवस गेले. कॅलेंडर संपल्यावर मी खताच्या पोत्यावरचं वाचलं. मग अक्काला बोलायची सवय लागली. आमची आई भाकरी करताना कोणती कानडी गाणी म्हणायची, बाप बाजारातून येताना कुठं थांबायचा, असलं काय काय तिनं काढलं. समोरासमोर ती कधी इतकं बोलली नव्हती. समोर असली की ती म्हशीचं काहीतरी करत असायची. मीही सकाळची वाट बघायला लागलो. कॉल संपला की मिनिटं बघायचो आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचो. सतरा. बावीस. सव्वीस.

एकवीस एप्रिलला मी तिला सहज म्हणालो, "त्या दिवशी तुला माझा ठोका ऐकू आला नसता, तर आज हे बोलायला मी नसतो."

मला वाटलं फोन कटला. मी फोन कानावरून काढून पाहिला. सेकंद पुढं सरकत होते.

"तम्मा," ती म्हणाली. "दोन ठोके हुते."

"कसले?"

"त्या दिवशी. तुझा तांब्याचा, मोठा. आन् एक बारीक. भित्तीच्या पलीकडनं. बांगडीचा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला दोनी ऐकू आले. मी मनात म्हनलं, तुला आदी काढावं. तू गडी मानूस. तू निघालास की दोघं मिळून तिला काढू, लौकर हुईल. मी एकली तिच्यावरचं माळवद उचलनार कशी? म्हनून तुझ्याकडं आले. मदी मदी तिलाबी ठोकून सांगत हुते. हाय, मी हाय. ती ठोकायची. दुपारी तू निघालास, तर पाय मोडलेला. तुला उभंच ऱ्हाता येईना. तवर तिचा बंद झाला."

म्हैस ओरडली नाही, भांडी वाजली नाहीत. मी ऐकत राहिलो आणि तीही. शेवटी ती म्हणाली, "सांगायचं न्हवतं. तूच उचलाया लावलंस. आता म्या ह्यो बंदच करून ठिवते." आणि तिनं ठेवला.

एकेचाळीस मिनिटं झाली होती. त्यातली निम्मी गप्प बसण्याची. टॉवरच्या हिशेबात तो आमचा सगळ्यात चांगला कॉल ठरला असणार.

बावीस तारखेला सकाळी रिंग आली नाही. माझ्या फोनवर दांडे पूर्ण होते. ऊन चढल्यावर मी स्वतः लावला. बाई बोलली की हा फोन बंद आहे किंवा संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मी पहिला अर्धा भाग ऐकला. बंद आहे. ती तसं म्हणालीच होती.

मल्लेश म्हणाला, "अप्पा, आत्याचं काय? बघून येऊ का गाडीवर?"

"राहू दे तिला एक दिवस."

तिच्यासाठी म्हणून मी हे बोललो नाही. मलाच तिच्यासमोर जायचं नव्हतं. बत्तीस वर्षं मी त्या तांब्याची गोष्ट लोकांना सांगत आलो होतो. सोयरिकीत, पाहुण्यांत, शाळेतल्या पोरांपुढं. माझ्या बहिणीनं मला कसं काढलं. दर वेळी ती शेजारी बसून ऐकायची आणि मान खाली घालायची, आणि मला वाटायचं ती लाजते. मला तिचा राग आला होता. तिनं मला आधी का काढलं, याचा. आणि दुसऱ्या बाजूनं हेही कळत होतं की तांब्या मी जरा हळू आपटला असता, तर.

तेविसालाही रिंग नाही. मी त्या दिवशी फोन लावलासुद्धा नाही.

चोविसाला सकाळी शंभुलिंगचा टेम्पो आमच्या दारावरून रिकामा चालला होता. त्यानं गाडी हळू केली.

"काका, आक्कांच्या म्हशी आटल्या काय? दोन दिवस रिंग नाही."

"फोन बंद करून बसलीय."

"सगळ्यांनीच बंद केलाय मग. त्या अंगाच्या एका वस्तीवरनं रिंग नाही. परवापासून."

मी ओट्यावरून कसा उतरलो ते आठवत नाही. तीस तारीख म्हणाले होते. आठ दिवस आधीच त्यांनी बंद केला होता. नव्या टॉवरवर गावापुरता टूजी अजून चालू होता, माझे दांडे भरलेले, म्हणून मला कळलं नाही. मल्लेशनं मोटारसायकल काढली.

घराला बाहेरून कडी. म्हशी दाव्याला ओरडत होत्या, त्यांचे सड दगडासारखे झाले होते. मी हाक मारली. मल्लेश विहिरीकडं पळाला. मी परत हाक मारली आणि थांबलो. तेव्हा ऐकू आला. एक ठोका. बारीक. दगडावर दगड.

आमच्या जुन्या घराच्या ढिगाऱ्यात, दोन मोठ्या दगडांच्या मधे ती पडलेली होती. वर चढून फोन लावायला गेली होती. कारण मला तिथं चढताना तिनं पाहिलं होतं. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, आवाज पार गेलेला. आदल्या सकाळपासून ती तिथं होती. उन्हात, आणि मग रात्रभर. तिच्या उजव्या हातात दगड होता आणि डाव्या हातात फोन. अंगठा डिंकाच्या थेंबावर.

उमरग्याच्या दवाखान्यात तिला आत नेल्यावर मी तो फोन उघडला. मला वाचता येतं. लावलेल्या फोनांच्या यादीत बाविसापासून एकच नाव होतं. तम्मा. वरपासून खालपर्यंत. बाविसाला एक, मग बऱ्याच वेळानं एक, मग एक. तेविसाला तीन तीन, तीन तीन, तीन तीन. एकाही नावासमोर मिनिट नव्हतं. टूजीचा तिचा फोन, ढिगाऱ्यावर येणारा दांडा फोरजीचा. तो त्या फोनला दिसणारच नव्हता. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी वर चढून मल्लेशचा फोन धरला होता, तिनं तेवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "रागावलास व्हय, तम्मा?"

"टॉवर बंद केला त्यांनी, अक्का."

"व्हय?" ती म्हणाली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. तिनं एक विचारलं होतं आणि मी दुसरंच सांगितलं होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मे महिन्यात, मल्लेशनं घेऊन दिलेल्या माझ्या नव्या फोनवर अमरसिंहाचा फोन आला. आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा स्वच्छ. "आजोबा, मी लाल टाकला होता हो तिथं. पण अहवाल तालुक्याचा निघतो, सगळ्यांची सरासरी. आपल्या तालुक्याला सगळ्याच बाबतीत 'उत्तम' आलंय."

"आणि आम्ही बोललो ती मिनिटं?"

तो जरा अडखळला. "आकडे मार्चअखेरपर्यंतचेच धरले होते. ते मलाही नंतर कळलं." मग म्हणाला, "आजी कशा आहेत?"

"आहे," मी म्हणालो.

कॅलेंडरचं एप्रिलचं पान अजून भिंतीवर आहे. शिवरंजनी उलटायला गेली तर मी नको म्हणालो. सात, सतरा, बावीस, सव्वीस, एकेचाळीस. कुठंही न धरलेली.

अक्का आता आमच्या घरात आहे, आतल्या खोलीत. मांडीत सळई घातलेली आहे. भिंतीतही सळया आहेत. म्हशी विकल्या. मल्लेशनं तिला नवा फोन दिला आहे आणि त्यावरही डिंकाचा थेंब लावून दिला आहे. सकाळी मला जाग येते तेव्हा पलीकडं ती बटण दाबून धरते, ते मला कळतं. बटण दाबलं की बारीक आवाज होतो. पण त्या खोलीत रेंज नाही. माझा फोन वाजत नाही. मी उठून अंगणात जातो, फोन हातात धरून उभा राहतो, तरी वाजत नाही.

आमच्यामध्ये आता नऊ इंचांची एक भिंत आहे. तिच्यावर बोटानं एकदा ठोकलं तरी पलीकडं ऐकू जाईल. रोज तसं मनात येतं. पण ठोका मोठा झाला तर तो माझा होईल आणि बारीक झाला तर दैवशालाचा. मी हात भिंतीपर्यंत नेतो आणि तसाच खाली घेतो. मग ती पुन्हा बटण दाबते.